भाच्याच्या कॉलेजांची गावं

मैत्रिणींनो, अमेरिकेहून परत आलेल्या बाईला पहिला प्रश्न विचारतात तो नायगाराचा. २०२५ च्या जूनमध्ये आमची शाळा सुरू झाली, त्या दिवशी शिक्षकखोलीत मलाही तोच विचारला गेला. नाही पाहिला, म्हटलं. मग स्वातंत्र्यदेवीचा पुतळा? त्याचं तिकीट काढलं होतं, पण नेमका पाऊस लागला. "अगं, मग पाच आठवडे केलंस तरी काय?" चित्रकलेच्या बाईंनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "कॉलेजं पाहिली. चार."

यावर जो हशा पिकला तो अजून माझ्या कानात आहे. पण तुमच्यापैकी कुणाचा मुलगा किंवा भाचा तिकडे शाळेत असेल, किंवा इकडेच असेल आणि मार्क बेताचे असतील, तर तुम्ही हसणार नाही अशी माझी खात्री आहे.

माझी ताई न्यू जर्सी राज्यात एडिसन नावाच्या गावी राहते. या गावाचं नाव पूर्वी रॅरिटन होतं. १९५४ साली ते बदलून एडिसन केलं, कारण गावातल्याच मेन्लो पार्क भागात १८७६ साली थॉमस एडिसनने प्रयोगशाळा थाटली होती आणि १८७९ साली विजेचा दिवा तिथंच उजळला. आता गावात आपली माणसं इतकी की ओक ट्री रोडवर गेलं की साड्या, पोहे, कढीपत्ता, पूजेचं सामान, काय हवं ते मिळतं. पहिल्या दिवशी मला आमच्या कोल्हापूरच्या महाद्वार रोडचीच आठवण झाली. फरक एवढाच, की इथे कुणी धक्का मारत नव्हतं.

ताई आमच्या घरातली हुशार. सांगलीला शिकून इंजिनियर झाली, लग्न होऊन तिकडे गेली, आजही नोकरी करते. मी धाकटी. दहावीला ५४ टक्के, पुढे बी.ए., आता अर्धवेळ शिक्षिका. आमच्या घरी पेढे दोनदा वाटले गेले, दोन्ही वेळा ताईचे. हे मी कुरकुर म्हणून सांगत नाही, पुढच्या हकिकतीला लागतं म्हणून सांगते.

मी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही तळघरात वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो. ताईने आवाज इतका खाली आणला की मला वाटलं, आता आजारपणाचं काहीतरी सांगते. "त्याचा जीपीए दोन पूर्णांक सहा आहे," ती म्हणाली.

भाचा तेव्हा अकरावी संपवत होता. त्याला इंजिनियर व्हायचंय हे मला ठाऊक होतं. गवत कापायचं बंद पडलेलं यंत्र त्याने गॅरेजमध्ये खोलून पुन्हा चालू केलेलं मी आदल्याच दिवशी पाहिलं होतं. पण हा जीपीए काय प्रकार आहे ते मला कुठे माहीत? म्हणून आधी तो समजून घेतला. तो तुम्हालाही सांगते, कारण तिथेच सगळी मेख आहे.

आपल्याकडे नववीत कसेही मार्क पडोत, दहावीला पाट्या पुसून नवी सुरुवात होते. बोर्डाचं काय ते शेवटी. तिकडे तसं नाही. नववीपासून प्रत्येक विषयाला ए, बी, सी असा दर्जा मिळतो. ए म्हणजे चार, बी म्हणजे तीन, सी म्हणजे दोन, आणि या सगळ्याची चार वर्षांची सरासरी म्हणजे जीपीए. त्यातही दर्जा नुसत्या परीक्षेवर ठरत नाही, गृहपाठ आणि छोट्या चाचण्या धरून ठरतो. वही दिली नाही की शून्य, आणि ते शून्य सरासरीत जाऊन बसतं. भाच्याचं गणित असं होतं: नववीत २.०, दहावीत २.३, अकरावीत ३.५. रात्री मी पेन्सिल घेऊन बसले. समजा बारावीत सगळ्या विषयांत ए मिळाले, तरी सरासरी २.९५. तीनलासुद्धा पोचत नाही! आणि अर्ज तर बारावीच्या सुरुवातीलाच जातात.

"म्हणजे आता काही झालं तरी..." ताईने वाक्य अर्धवटच सोडलं. मराठी मंडळातल्या बायकांची मुलं कुणी कार्नेगी मेलनला, कुणी जॉर्जिया टेकला गेलेली. ताई सगळ्यांना सांगत होती, आमच्याने अजून ठरवलेलं नाही.

प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या एका बाईंकडे ती जाऊन आली होती. त्यांनी बऱ्याच डॉलर्सची रक्कम सांगितली आणि वर वीस कॉलेजांना अर्ज करा म्हणाल्या, म्हणजे कुठेतरी लागेलच. शाळेतल्या समुपदेशकांनी तर इंजिनियरिंगचा नाद सोड असं सुचवलेलं. मी म्हटलं, "ताई, आधी जाऊन बघू या ना. मुलगी द्यायची म्हटलं तरी आपण घर बघून येतो." ती पटकन म्हणाली, "तुला काय कळतं त्यातलं?" मग तिलाच वाईट वाटलं आणि तिने मला चहा करून दिला.

कळत नव्हतं हे खरंच. पण निकालपत्रकं तयार करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मी भाच्याकडून एक वही मागून घेतली, पट्टीने रकाने आखले आणि दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. तो लॅपटॉपवरून वाचायचा, मी लिहायची. तिकडे कॉलेजांचे तीन वर्ग करतात: रीच, टार्गेट आणि सेफ्टी. मी वहीत लिहिलं: उडी, पायरी, ओटा. उडी म्हणजे जमलं तर जमलं. पायरी म्हणजे आपल्यासारख्याच मुलांना जिथे घेतात ते. आणि ओटा घरचा, तिथून कुणी उठवत नाही. ताईच्या यादीत आठ कॉलेजं होती. आठही उड्याच.

आता एक कामाची गोष्ट. पुष्कळ कॉलेजं दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचा तक्ता प्रसिद्ध करतात, फुकट बघायला मिळतो. त्यात सी-११ कलमाखाली, नव्या मुलांपैकी शेकडा किती जण कोणत्या जीपीएचे, ते दिलेलं असतं. अडीच ते तीनच्या खान्यात शून्याच्या आसपास आकडा असला की ओळखावं, इथे आपलं काम नाही. सी-७ मध्ये कॉलेज कशाला किती वजन देतं ते असतं, गुणांना किती, निबंधाला किती, शिफारशीला किती. मात्र हे आकडे सबंध कॉलेजचे असतात. इंजिनियरिंगचं दार बहुतेक ठिकाणी त्याहून अरुंद असतं. हे न पाहता कॉलेजच्या एकूण आकड्यावर भुलायचं नाही.

पहिल्या शनिवारी आम्ही रटगर्सला गेलो. घरापासून जवळच. गाडी भाचा चालवत होता. तिकडे सतराव्या वर्षी गाडी चालवायला मिळते, पण नव्या चालकाच्या नंबरपाटीवर छोटी लाल चिकटपट्टी लावावी लागते. ताईच्या चेहऱ्यावर तशीच पट्टी लागल्यासारखी दिसत होती. रटगर्स १७६६ सालचं, म्हणजे अमेरिका देश म्हणून जन्मली त्याच्या दहा वर्षं आधीचं. रॅरिटन नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेलं, आणि एका आवारातून दुसऱ्या आवारात जायला त्यांच्या स्वतःच्या बसगाड्या! इंजिनियरिंग पिस्कॅटवे भागात बुश नावाच्या आवारात आहे. आम्हाला फिरवणारी विद्यार्थिनी सबंध वेळ उलट्या पावली चालत बोलत होती, एकदाही अडखळली नाही. मला तिचंच कौतुक वाटत राहिलं.

जागा उत्तम, पण ही उडीच. तिथे अर्ज करतानाच इंजिनियरिंग निवडावं लागतं, चढाओढही मोठी. ताई म्हणाली, दुसऱ्या कुठल्या शाखेत आधी शिरू, मग आतून बदलून घेऊ. ही युक्ती बऱ्याच आयांना सुचते. पण आतून बदलायला पुन्हा वरचे गुण लागतात, जागा असाव्या लागतात, आणि जमलं नाही तर मुलगा चार वर्षं नको त्या विषयात अडकतो. तेव्हा ज्या कॉलेजात हा मार्ग आहे तिथे तो कितीजणांना साधतो, ते आधी विचारावं.

दुसरं नेवार्कचं एनजेआयटी. तिथे मुद्दाम आगगाडीने गेलो, म्हणजे भाचा रोज गेला तर कसा जाईल ते कळेल. एडिसन स्टेशनवर बसायचं, नेवार्क पेन स्टेशनला उतरायचं, तिथून छोटी ट्रामसारखी गाडी कॉलेजजवळ सोडते. घरून ये-जा करता आली तर राहण्या-जेवणाचा खर्च वाचतो, आणि तो खर्च फीइतकाच जड असतो. हे कॉलेज १८८१ साली गावातल्या कारखानदारांच्या पुढाकाराने तंत्रशाळा म्हणून सुरू झालं. आवारात लाल विटांची, बुरुजांची एक जुनी इमारत आहे. ती मुळात अनाथाश्रमासाठी बांधलेली. मी तिथे बराच वेळ रेंगाळले.

नेवार्कलाच मला आणखी एक भेद कळला. 'इंजिनियरिंग' आणि 'इंजिनियरिंग टेक्नॉलॉजी' हे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. दुसऱ्यात हाताने करायचं काम जास्त, उच्च गणित कमी, आणि प्रवेशही पुष्कळदा सोपा. तो कमी प्रतीचा मुळीच नाही. कारखान्यात अशी माणसं लागतातच. पण पुढे सरकारी परवान्याचा इंजिनियर व्हायचं असेल तर काही राज्यांत टेक्नॉलॉजीवाल्यांना जास्त वर्षं अनुभव मागतात. तेव्हा नुसतं नाव ऐकून फॉर्म भरू नये. तसंच त्या अभ्यासक्रमाला 'एबेट'ची मान्यता आहे ना, ते बघावं. ही मान्यता कॉलेजला नसते, एकेका अभ्यासक्रमाला असते. आपल्याकडे एनबीए असते ना, तसंच.

परतीच्या गाडीत मी वही उघडून भाच्याच्या शाळेचं गुणपत्रक उतरवून घेत होते. नववीचं पहिलं अर्धं वर्ष बरं दिसत होतं, बी आणि सी. मग एकदम घसरण. दुसरं अर्धं म्हणजे २०२३ चा जानेवारी ते जून. पेन्सिल माझ्या हातात तशीच राहिली.

२०२३ च्या जानेवारीत आमची आई अंथरुणाला खिळली. मीच रात्री फोन करून ताईला म्हटलं होतं, मला एकटीला झेपत नाही, तू ये. ती आली आणि तीन महिने राहिली. आईचं सगळं करूनच एप्रिलमध्ये परत गेली. दाजींची नोकरी फिरतीची. चौदा वर्षांचं पोर एकटंच शाळेतून यायचं, फ्रिजमधलं गरम करून खायचं. आम्हा दोघींपैकी एकीलाही हे तेव्हा सुचलं नव्हतं. निदान मला तरी.

तिसरी सहल लांबची. ग्लासबोरोला रोवन विद्यापीठ बघायला टर्नपाइकने दक्षिणेला निघालो. या रस्त्यावरच्या विसाव्यांना थोर माणसांची नावं दिली आहेत. आम्ही थांबलो तो वॉल्ट व्हिटमनच्या नावाचा. कवीच्या नावाचं चहा-कॉफीचं ठिकाण, कल्पना छान आहे! ताई आत गेली तेव्हा मी भाच्याला सहज विचारलं, "नववीत काय झालं होतं रे?"

तो बराच वेळ गाडीच्या किल्लीशी खेळत राहिला. मग म्हणाला, "मावशी, होमवर्क करायचो मी. बॅगमध्येच असायचा. सर मागायचे तेव्हा हात वर नाही व्हायचा." आणि मग, "आईला नको सांगू. तिला वाटेल तिच्यामुळे."

बायांनो, असली मुलं माझ्या वर्गात दरवर्षी एक-दोन असतात. वही दप्तरात असते आणि पोर उठून उभं राहत नाही. मी आजवर त्यांना आळशीच म्हणत आले. जाऊ दे, तो विषय वेगळा.

ग्लासबोरो मला फार आवडलं. नावाप्रमाणे काचेच्या कारखान्यांचं जुनं गाव, आसपास पीचच्या बागा. इथलं कॉलेज १९२३ साली शिक्षिका तयार करण्यासाठी निघालं, म्हणजे आमच्याच जातकुळीचं! कॉलेजच्या आवारात हॉलिबुश नावाचा दगडी बंगला आहे. तिथे १९६७ च्या जूनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन आणि रशियाचे पंतप्रधान कोसिजिन समोरासमोर बसले होते. एवढ्याशा गावात! मग १९९२ साली हेन्री रोवन या उद्योगपतींनी आणि त्यांच्या पत्नीने या कॉलेजला दहा कोटी डॉलर्स द्यायचं जाहीर केलं, आणि त्यातून १९९६ साली इंजिनियरिंग सुरू झालं. रोवनसाहेबांचा धंदा इंडक्शन भट्ट्यांचा. आमचे हे शिरोलीच्या फौंड्रीत आहेत, त्यामुळे लग्न झाल्यापासून रोज जेवताना मी इंडक्शन फर्नेस ऐकत आले आहे. भट्टीवाल्याच्या पैशाचं कॉलेज म्हटल्यावर मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

इथली खासियत अशी की पहिल्या सत्रापासून आठव्यापर्यंत दर सत्रात मुलांना एखादं प्रत्यक्ष काम करावं लागतं. त्याला ते 'क्लिनिक' म्हणतात. कार्यशाळेत पोचल्यावर भाच्याची पाठ एकदम सरळ झाली. एका यंत्राजवळ तो इतका वेळ उभा राहिला की बाकीची मंडळी पुढे निघून गेली.

प्रवेश विभागातल्या बाईंशी पंधरा मिनिटं बोलायला मिळालं. ताईने त्यांना पहिला प्रश्न विचारला तो, "दोन पूर्णांक सहा चालेल का?" त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. त्यांनी आधी गणित आणि भौतिकशास्त्राचे दर्जे विचारले, मग बारावीत कुठलं गणित घेणार ते विचारलं. आकडा चढता आहे, ही चांगली गोष्ट आहे म्हणाल्या. आणि नववीत काही घडलं असेल तर अर्जात जादा माहितीसाठी जागा असते, तिथे दोन ओळींत सरळ लिहा, रडगाणं नको.

मी विचारायचे म्हणून दोन प्रश्न वहीत लिहून नेले होते. पहिल्या वर्षाची किती मुलं दुसऱ्या वर्षी परत येतात? आणि सुरुवातीला आलेल्यांपैकी पदवी घेऊन बाहेर किती पडतात? तुम्हाला नवल वाटेल, चार वर्षांच्या पदवीचा हिशेब तिथलं सरकार सहा वर्षांत किती मुलं पार पडली असा धरतं. 'कॉलेज स्कोअरकार्ड' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर कॉलेजवार आकडे आहेत. इंजिनियरिंगची मुलं गळतात ती पहिल्या-दुसऱ्या वर्षात, कॅल्क्युलसपायी. ताईला दाराची काळजी होती. मला वाटत होतं, आत गेल्यावर हा पोरगा टिकेल का ते बघावं. कच्चं गणित घेऊन मोठ्या नावाच्या कॉलेजात एक वर्ष कसंबसं काढायचं आणि घरी परत यायचं, हे आमच्या शेजारच्या मुलाचं मी इथे कोल्हापुरात पाहिलंय.

येताना रस्त्यात ताई गप्प होती. मग एकदम म्हणाली, "आईच्या मरणाचं भांडवल करून त्याला ॲडमिशन मिळवायची का?" मागच्या सीटवर मी होते. मी काहीच बोलले नाही. भाचाही बोलला नाही, फक्त रेडिओ बंद केला.

चौथं कॉलेज घरापासून दहा मिनिटांवर, मिडलसेक्स कॉलेज, म्हणजे तिकडच्या भाषेत काउंटी कॉलेज. १९६४ साली स्थापन झालेलं, आणि जागा कुठली तर सैन्याच्या जुन्या दारूगोळा कोठाराची. पहिल्या महायुद्धापासून तिथे तोफांचे गोळे साठवायचे. आता तिथे झाडं आहेत, हिरवळ आहे, आणि संध्याकाळी कामावरून सुटून वर्गाला येणारी माणसं आहेत. एक बाई तर कडेवर मूल घेऊन ऑफिसात फॉर्म भरत होती.

ताई गाडीतून उतरलीच नाही. काळा चष्मा लावून बसली. मंडळातलं कुणी बघेल म्हणून. काउंटी कॉलेज म्हणजे ज्याला कुठेच घेतलं नाही त्याचं, अशी तिथल्या आपल्या लोकांची समजूत आहे. पण हिशेब ऐका. तिथे प्रवेश सर्वांना खुला. भाच्याने दोन वर्षं इंजिनियरिंग सायन्सचा अभ्यासक्रम घ्यायचा, कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र वगैरे पक्कं करायचं, आणि चांगले गुण टिकवून तिसऱ्या वर्षाला मोठ्या कॉलेजात जायचं. त्या वेळी मुख्यतः बघतात ते या दोन वर्षांचे गुण. नववीचं शून्य तिथे फारसं कुणी उकरत नाही. आपल्याकडे दहावीनंतर डिप्लोमा करून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात ना, त्याच्या जवळपासचं. फक्त एक पथ्य: कुठला विषय पुढचं कॉलेज धरतं आणि कुठला नाही, ते पहिल्याच सत्रात लेखी विचारून घ्यायचं. नाहीतर दोनाची तीन वर्षं होतात.

आणि पैसा? अमेरिकेची २०२४-२५ सालची सरासरी फी बघा. अशा दोन वर्षांच्या कॉलेजची वर्षाला सुमारे ४,०५० डॉलर्स, आपल्याच राज्यातल्या सरकारी चार वर्षांच्या कॉलेजची ११,६१०, परराज्यातल्या सरकारीची ३०,७८०, आणि खाजगीची ४३,३५०. हे नुसत्या फीचे आकडे आहेत, आणि न्यू जर्सीतल्या सरकारी कॉलेजांची फी सरासरीहून जास्तच. खाजगी कॉलेजं शिष्यवृत्ती देऊन आकडा कमी करतात, तेव्हा नुसत्या छापील फीला घाबरून जाऊ नये. पण उडी मारायला परराज्यात जायचं तर खिशावर किती उडी पडते तेही वहीत असावं.

शेजारच्या पेनसिल्व्हेनियात आणखी एक सोय आहे. पेन स्टेटच्या लहान गावांतल्या शाखांत दोन वर्षं शिकून पुढची दोन मुख्य आवारात करता येतात. पण मी तिथे असतानाच, २०२५ च्या मे महिन्यात, त्यांपैकी सात शाखा २०२७ च्या वसंत सत्रानंतर बंद करायचा निर्णय झाला. म्हणजे शाखा टिकणार आहे का, हाही एक रकाना आला.

मिडलसेक्सला अर्धा तास झाला तरी आम्ही आलो नाही, तेव्हा ताईला उतरावंच लागलं. निमित्त साधं होतं, बाथरूमला जायचं होतं! मी बाहेर आले तर ती व्हरांड्यातल्या फलकासमोर चष्मा काढून उभी. अभ्यासक्रमाचा कागद वाचत होती, बोट ठेवून, अगदी सांगलीच्या वेळी वाचायची तशी. "अगं, डिफरन्शियल इक्वेशन्ससुद्धा शिकवतात इथे," ती म्हणाली.

आम्ही बाकावर बसलो. मी तिला म्हटलं, "ताई, त्या वर्षी मी तुला बोलावलं." ती म्हणाली, "मला माहीत आहे गं. तारखा मलाही वाचता येतात. म्हणून तर त्याला रागावता येत नाही, आणि रागावल्याशिवाय राहवतही नाही." मग पर्समधून रुमाल काढायच्या ऐवजी तिने तो कागद घडी करून आत ठेवला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी भाचा मला मेन्लो पार्कचा मनोरा दाखवायला घेऊन गेला. एडिसनच्या प्रयोगशाळेच्या जागी १९३८ साली उभारलेला, वर काचेचा भलामोठा दिवा. मी ताईला म्हटलं, हा माणूस जेमतेम काही महिने शाळेत गेला होता म्हणे. ताई म्हणाली, "त्या वेळी जीपीए नव्हता," आणि बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसली.

यादी शेवटी सहाची झाली. एक उडी, तीन पायऱ्या, दोन ओटे. एक ओटा मिडलसेक्स, आणि त्याला अर्ज करायची फारशी घाईच नाही. बाकीचे पाच फॉर्म २०२५ च्या नोव्हेंबरात गेले. जादा माहितीच्या जागेत काय लिहायचं यावर ताईत आणि त्याच्यात बरेच दिवस चाललं होतं. शेवटी त्याने स्वतः लिहिलं आणि मला फोनवर वाचून दाखवलं: नववीत असताना आई तीन महिने भारतात होती; मी गृहपाठ करायचो, पण द्यायचो नाही; दहावीत त्याचे परिणाम भोगले, अकरावीपासून देतो आहे. आजीचं नाव त्यात कुठेही नव्हतं. ताईने वाचून एक स्वल्पविराम तेवढा बदलला.

वही मी मुद्दामच तिच्या फ्रिजवर ठेवून आले होते. परवा तिचा फोन आला. "अगं, रोवनच्या रकान्यात शेवटी 'पीच चांगले' असं काय लिहिलंयस?"

मी म्हटलं, "सगळंच लिहिलंय. मुलाला चार वर्षं तिथे जेवायचंही आहे ना."